कोठडीची कैफियत

सन 1965 च्या सप्टेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारचे एक अपील फेटाळले, आणि त्या अपिलाचा विषय होता एक मराठी पुस्तक. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा कारागृहात स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तेथील सक्तीच्या सवडीत ‘अणूच्या अंतरंगात’ या नावाचा विज्ञानविषयक ग्रंथ लिहिला होता. त्याचे हस्तलिखित पत्नीकडे धाडून ते छापवून घेऊ द्यावे एवढीच त्यांची विनंती होती, आणि ती नामंजूर करताना सरकारची भूमिका अशी होती की, स्थानबद्धाला जे जे करता येते ते ते स्थानबद्धतेच्या अटींत लिहून दिलेले असते, ग्रंथ छापण्याची मुभा त्या अटींत कोठेही नमूद नाही, सबब ती त्याला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ही भूमिका मान्य केली नव्हती. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी तिचा पायाच काढून घेतला. अटींचा तो कागद म्हणजे सरकारने उदार होऊन दिलेल्या सवलतींची यादी नव्हे, तो निर्बंधांचा कागद आहे, आणि ज्या गोष्टीवर निर्बंध घातलेला नाही ती गोष्ट भिंतीच्या आत गेल्यानंतरही त्या माणसाचीच राहते, असा त्या निकालाचा इत्यर्थ होता.

एखाद्याला डांबून ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे की नाही हा एक प्रश्न, आणि डांबल्यानंतर त्याला कशा अवस्थेत ठेवले जाते हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी आपल्या संविधानात देहोपस्थितीचा प्राधिलेख आहे. वकीलवर्ग त्याला आजही हेबिअस कॉर्पस म्हणतो, आणि तसा अर्ज आला की इतर काम बाजूला सारून तो हाती घ्यावा अशी उच्च न्यायालयांची जुनी रीत आहे. दुसऱ्या प्रश्नाचे अर्ज, म्हणजे औषध मिळत नाही, एकांत कोठडीत टाकले आहे, वकिलाला भेटू देत नाहीत, आई अत्यवस्थ असताना रजा नाकारली, या स्वरूपाच्या तक्रारी, मात्र सामान्य फौजदारी याचिकांच्या रांगेत उभ्या केल्या जातात. तेथे सरकारी वकील मुदत मागतात, अधीक्षकांचे प्रतिज्ञापत्र यथावकाश येते, आणि तोवर ज्या दुःखासाठी दाद मागितली ते दुःख एक तर भोगून संपलेले असते किंवा भोगणारा संपलेला असतो. माझे म्हणणे असे की, ही तफावत न्यायालयाने स्वतःहून नाहीशी करावी: कोठडीतील स्थितीविषयीचा अर्ज देहोपस्थितीच्या अर्जाइतक्याच तातडीने ऐकावा, आणि उत्तराचा भार कैद्यावर न टाकता त्याला ज्याने ठेवले आहे त्याच्यावर टाकावा. हे म्हणणे नागपुरातून मांडावे असे वाटते, कारण विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांची दाद ऐकणारे खंडपीठ आणि 1923 च्या झेंडा सत्याग्रहापासून देशाच्या इतिहासात नोंदले गेलेले वर्धा मार्गावरील मध्यवर्ती कारागृह ही दोन्ही एकाच शहरात आहेत, आणि उत्तराच्या भाराविषयीचा एक मोठा धडा याच शहरातील न्यायालयाने एके काळी साऱ्या साम्राज्याला दिलेला आहे.

तो धडा आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी 1936 साली स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयापुढे, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, विमलाबाई देशपांडे यांनी आपल्या पतीच्या अटकेविरुद्ध अर्ज केला. भारत संरक्षण नियमांतील 129 व्या नियमाने पोलीस अंमलदाराला केवळ वाजवी संशयावरून, वॉरंटाशिवाय, कोणालाही पकडता येत होते, आणि संशय वाजवी होता की नाही हे अंमलदाराच्याच शब्दावर सोडावे असा सरकारचा आग्रह होता. इंग्लंडमध्ये लॉर्ड सभेने 1941 साली लिव्हरसिज यांच्या खटल्यात बहुमताने मंत्र्याच्या शब्दावर विसंबण्याचा मार्ग पत्करलेला असताना, नागपूरच्या न्यायमूर्तींनी तो पत्करला नाही. संशयाला वाजवी कारण होते हे अटक करणाऱ्याने न्यायालयाची खात्री पटेल अशा रीतीने दाखवले पाहिजे, असे त्यांनी ठरवले, आणि सरकार प्रिव्ही कौन्सिलात गेले तेव्हा 1946 साली तेथेही हेच मत कायम झाले. पारतंत्र्यात, युद्धकाळात, एका प्रांतिक राजधानीतील न्यायालयाने अंमलदाराला ‘तू सांग’ म्हणावे आणि लंडनने त्यावर शिक्कामोर्तब करावे, ही घटना नागपूरच्या शाळांतून शिकवली जावयास हवी होती. आपण शाळांतून काय शिकवतो हा निराळा विषय आहे.

याच परंपरेला अनुसरून आणीबाणीत नागपूर खंडपीठाने स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे आहेत असे म्हटले, आणि देशातील इतर काही उच्च न्यायालयांबरोबर त्याचाही निर्णय 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी उलटवला. जबलपूर खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालातील न्यायमूर्ती खन्ना यांच्या भिन्न मताचा गौरव पुष्कळ झाला आहे, आणि तो योग्यच आहे; परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बहुमतातील न्यायमूर्ती बेग यांचे एक विधान अधिक बोलके आहे. स्थानबद्धांची राहण्याची, जेवणाखाण्याची आणि वागणुकीची व्यवस्था सरकार इतक्या आस्थेने पाहत आहे की ती आस्था जवळजवळ मातेची म्हणावी, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. एकाही स्थानबद्धाला समोर उभे न करता, एकाही बराकीत पाऊल न टाकता, ज्यांचे अर्ज ऐकण्याचेच नाकारले त्यांच्या जेवणाखाण्याची ग्वाही न्यायासनावरून दिली जावी, याहून विलक्षण प्रकार आपल्या न्यायेतिहासात शोधून सापडणार नाही. पुढे जानेवारी 1977 मध्ये भानुदास कृष्ण गावडे यांच्या प्रकरणात उरलेली फटही बुजवण्यात आली: सुटका मागत नाही, केवळ स्थानबद्धतेच्या अटींविषयी दाद मागतो, असे म्हणणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा, आणीबाणीत हक्कांसाठी दाद मागणे स्थगित करणाऱ्या राष्ट्रपतींच्या आदेशावर बोट ठेवून, काढून घेण्यात आला. पहिल्या प्रश्नाचा दरवाजा लावला की दुसऱ्याचाही आपोआप लागतो, हे त्या नऊ महिन्यांत स्पष्ट झाले. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तजवीज केली, आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणाच्या निकालात जबलपूरचा निर्णय विधिवत पुसला गेला. जबलपूरच्या बहुमतातील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या चिरंजीवांनीच तो पुसावा, हा योगायोग सर्वांना ठाऊक आहे. आणीबाणीत ज्यांचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने तुरुंगात गेले त्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय याच शहरात आहे. संझगिरी कम्युनिस्ट होते. दाद मागण्याची ही वाट कोणत्या रंगाच्या माणसाला केव्हा लागेल याचा नेम नसतो, आणि सत्तेवर असणाऱ्यांना ती नेमकी त्याच काळात अडचणीची वाटते.

आणीबाणी ओसरल्यानंतर न्यायालयाचा सूर पालटला. तिहारमधील सुनील बत्रा या फाशीच्या कैद्याने आपल्या एका सोबत्याला वॉर्डराने केलेल्या अमानुष मारहाणीविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. नातलगांकडून पैसे उकळण्यासाठी हा छळ झाला असा आरोप होता. आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी डिसेंबर 1979 मध्ये ते पत्र देहोपस्थितीचाच अर्ज मानून निकाल दिला. कैद्याच्या सुटकेचा तेथे प्रश्नच नव्हता; तरीही बंदिवासाची रीत बेकायदा असेल तर तिच्यापुरता हा प्राधिलेख चालतो, हे तत्त्व त्या दिवशी या देशात स्थिर झाले. अमेरिकेत, जिच्या निवाड्यांचा आधार कृष्ण अय्यर यांनी मुक्तहस्ते घेतला, हा प्रश्न पुष्कळ गुंतागुंतीचा आहे: 1973 च्या प्रायझर खटल्यापासून शिक्षेच्या मुदतीविषयीचा वाद एका मार्गाने आणि कोठडीतील स्थितीविषयीचा बहुधा दुसऱ्या मार्गाने न्यायचा अशी तेथील वहिवाट, आणि ग्वांतानामोतील उपोषणकर्त्यांना बळजबरीने अन्न भरवण्याविरुद्ध हा प्राधिलेख मागता येतो एवढे ठरायला तेथील अपील न्यायालयाला 2014 साल उजाडावे लागले. आपल्याकडे अनुच्छेद 226 इतका विस्तीर्ण आहे की अर्जाच्या शीर्षकावरून कोणी उपाशी परत जाण्याचे कारण नाही. अडचण मार्गाची नाही, त्या मार्गावरच्या चालीची आहे.

बत्रा निकालात नुसते तत्त्व नव्हते, कामाची गोष्टही होती. प्रत्येक कारागृहात तक्रारपेटी असावी आणि जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांनी अधूनमधून स्वतः जाऊन पाहावे, असे त्यात सांगितले होते. एकांत कोठडीसारखी किंवा हक्क हिरावणारी कोणतीही शिक्षा सत्र न्यायाधीशांच्या अवलोकनाखेरीज होऊ नये, आणि तातडीमुळे आधी कळवणे शक्य नसेल तर दोन दिवसांच्या आत कळवावे, असेही त्यात होते. या दोन दिवसांच्या अटीचा आग्रह पुढे कोणी धरला असता तर 1894 च्या तुरुंग अधिनियमातील शिक्षांच्या कलमांचे दात केव्हाच बोथट झाले असते. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमांना मंडेला यांचे नाव दिले आहे ते 2015 सालचे. त्यांत सलग पंधरा दिवसांपलीकडील एकांतवास वर्ज्य ठरवला आहे. आपण त्याच्या जवळजवळ छत्तीस वर्षे आधी न्यायिक देखरेखीचा नियम घालून घेतला होता. महाराष्ट्राचाच आणखी एक दाखला: माधव होसकोट नावाच्या कैद्याला उच्च न्यायालयाच्या निकालपत्राची नक्कल वेळेत मिळालीच नाही, त्यामुळे चार वर्षांहून अधिक विलंबाने त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, आणि तेव्हा 1978 साली न्यायालयाला सांगावे लागले की, निकालाची नक्कल कैद्याच्या हाती लेखी पोच घेऊन, विनामूल्य, तातडीने देणे हे कारागृहाचे कर्तव्य आहे. पाच वर्षांनी पत्रकार शीला बारसे यांच्या एका पत्रावरून मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या रक्षणाचे नियम घालून दिले गेले. त्यांनी पंधरा स्त्री कैद्यांना भेटून, त्यांपैकी पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितल्याचे कळवले होते. पत्र, पोच, नक्कल, दोन दिवस: या दिसायला क्षुल्लक अशा कारकुनी गोष्टींवर माणसाचा देह अवलंबून असतो.

नागपूर मध्यवर्ती कारागृहाचे अलीकडचे सर्वांत गाजलेले प्रकरण या दृष्टीने पाहावे. दिल्ली विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा नव्वद टक्के अपंग होते आणि चाकाच्या खुर्चीखेरीज हलू शकत नव्हते. 7 मार्च 2017 रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने त्यांना बेकायदा कृत्ये प्रतिबंध कायद्याखाली जन्मठेप दिली आणि त्यांची रवानगी येथील अंडा सेल या अतिसुरक्षित विभागात झाली. त्यांच्या विचारांशी माझे जमण्यासारखे फारसे काही नाही; परंतु तो मुद्दा गैरलागू आहे. प्रकृतीच्या कारणावरून शिक्षा स्थगित करण्याची त्यांची विनंती मान्य झाली नाही. ऑगस्ट 2020 मध्ये आईचे निधन झाले, तिच्या आजारपणातही आणि नंतरही रजा मिळाली नाही. मे 2022 मध्ये कोठडीत लावलेल्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात शौचाची आणि स्नानाची जागा येते अशी तक्रार करून त्यांनी अन्न वर्ज्य केले. दरम्यान मूळ अपील आपल्या गतीने चालले होते. 14 ऑक्टोबर 2022 रोजी नागपूर खंडपीठाने खटल्याची मंजुरीच सदोष ठरवून सर्वांना सोडले. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक भरवून त्या निकालाला स्थगिती दिली. एप्रिल 2023 मध्ये तो रद्द होऊन प्रकरण परत आले. आणि 5 मार्च 2024 रोजी खंडपीठाच्या दुसऱ्या न्यायमूर्तीद्वयाने पुरावाही टिकत नाही असे म्हणून सर्वांना पुन्हा निर्दोष ठरवले. शिक्षेपासून या निकालापर्यंत सात वर्षे, दोन दिवस कमी. सुटकेनंतर सात महिन्यांनी, 12 ऑक्टोबर 2024 रोजी, हैदराबादेत त्यांचे निधन झाले. त्याच खटल्यातील पांडू नरोटे हे गडचिरोलीचे आदिवासी तरुण शिक्षा भोगत असतानाच आजारी पडून ऑगस्ट 2022 मध्ये वारले, म्हणजे पहिल्या निर्दोषत्वाच्या निकालाला दोन महिनेही उरले नव्हते.

सरकारला सुटीच्या दिवशी न्यायालय उघडे मिळू शकते, हे या घटनाक्रमातून सिद्ध झाले. मग शौचकूपावर रोखलेल्या कॅमेऱ्याची तक्रार बुधवारी ऐकता येऊ नये काय? अपिलाला वेळ लागतो, साक्षीपुराव्याचे हजारो कागद वाचावे लागतात, हे मान्य. परंतु कॅमेरा कोठे रोखला आहे, औषध दिले की नाही, खुर्ची कोठडीच्या दारातून आत जाते की नाही, या गोष्टी पाहायला एक न्यायिक अधिकारी आणि अर्धा दिवस पुरतो. अपील चालू असलेला माणूस उद्या निर्दोष ठरू शकतो, आणि ठरला तर भोगलेल्या दिवसांची भरपाई करण्याचे कोणतेही हमखास साधन आपल्या कायद्याजवळ नाही. म्हणून निदान ते दिवस कसे जात आहेत एवढे पाहण्याची जबाबदारी त्याच न्यायालयावर येते. मुंबईच्या न्यायमूर्तींनी हे काही वेळा ओळखले आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये एल्गार परिषद प्रकरणातील तेलुगू कवी वरवरा राव यांना प्रकृतीच्या कारणावरून जामीन देताना, त्यांच्या पत्नीने बंदिवासातील स्थितीविरुद्ध केलेली याचिका जामीन अर्जाच्या सोबतच ऐकण्यात आली. उलट त्याच प्रकरणातील वृद्ध धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना कंपवाताने पेला हातात धरता येत नसताना नळीच्या पेल्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, त्यावर उत्तर द्यायला तपासयंत्रणेला मुदत मिळाली, आणि जुलै 2021 मध्ये ते कोठडीतील माणूस म्हणूनच मुंबईच्या रुग्णालयात वारले.

या प्रकरणांना राजकीय रंग आहे म्हणून ती गाजली. नागपूर खंडपीठापुढे येणाऱ्या कैद्यांच्या याचिकांचा मोठा भाग मात्र निराळाच असतो. तो संचित आणि अभिवचन रजेचा, म्हणजे फर्लो आणि पॅरोलचा असतो: बहिणीचे लग्न, बापाचे तेरावे, बायकोची शस्त्रक्रिया. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल, सबब अर्ज नामंजूर, एवढ्या दोन ओळींच्या हुकमाविरुद्ध खेड्यातील एखादी बाई उसनवारी करून वकील लावते आणि सुनावणीची तारीख लग्नतिथीच्या पुढची पडते. याच रजेच्या जोरावर, त्या काळी येथे शिक्षा भोगत असलेला मुंबईचा कुख्यात गुंड अरुण गवळी अनेकदा बाहेर आला, तेव्हा वाचकांच्या पत्रव्यवहारात संताप उमटला होता. संताप मी समजू शकतो; पण न्यायालयाने तेथे माणसाचे नाव न वाचता नियम वाचला. खटकते ते एवढेच, की ज्याच्याजवळ चांगला वकील आहे त्याचा अर्ज वेळेत ऐकला जातो, आणि ज्याच्याजवळ फक्त कारागृहातील अर्जनवीस कैदी आहे त्याचा अर्ज दप्तरात प्रवास करीत राहतो.

याविरुद्ध सुरक्षिततेचा आक्षेप निघेल, आणि तो नागपुरात निघाला तर नवल नाही, कारण 31 मार्च 2015 रोजी याच कारागृहातून पाच कच्चे कैदी गज कापून, भिंत चढून पळाले. त्यानंतरच्या झडतीत बराकीबराकींतून मोबाइल निघाले. परंतु ते पाचजण न्यायालयाने दिलेल्या कोणत्याही सवलतीमुळे पळाले नाहीत. आत काय चालले आहे हे बाहेरच्या कोणी पाहत नव्हते, म्हणून पळाले. ज्या कारागृहात न्यायाधीश पूर्वसूचनेशिवाय येतो तेथे कैद्याचा छळही लपत नाही आणि कापलेला गजही लपत नाही. तुरुंगाधिकाऱ्यांची संख्या अपुरी आहे, बराकी ओसंडत आहेत, हवालदार दुप्पट पाळ्या करतो, हे सारे खरे आहे. किंबहुना ते प्रतिज्ञापत्रावर न्यायालयापुढे येण्याचा याहून चांगला मार्ग अधीक्षकांनाही सापडणार नाही. खोट्या तक्रारींचा पूर येईल, हा दुसरा आक्षेप. काही खोट्या असतील. जमिनीच्या दाव्यांतही असतात, आणि त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालये आपण बंद केलेली नाहीत.

हे घडवून आणायला नवा कायदा लागत नाही. केंद्र सरकारने 2023 साली आदर्श कारागृह अधिनियमाचा मसुदा राज्यांना धाडला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. नियम बदलत राहतील. उच्च न्यायालयाने मात्र स्वतःच्या प्रशासकीय अधिकारात उद्या एवढे ठरवावे: कारागृहातून आलेला स्थितीविषयक अर्ज, मग तो पोस्टकार्डावर का असेना, पोहोचल्या दिवशी क्रमांक घालून नोंदवला जावा आणि त्या क्रमांकाची पोच कैद्याच्या हाती पडावी, अधीक्षकांनी अट्ठेचाळीस तासांत उत्तर द्यावे, आणि जे त्यांनी नाकारले त्याचा पुरावा त्यांनीच द्यावा, उत्तर असमाधानकारक असेल तर जिल्हा न्यायाधीशांनी कोठडी पाहून अहवाल करावा. आणि एक शेरा न्यायमूर्तींनी जपून वापरावा. कैद्याला दुसऱ्या कारागृहात हलवले, त्याची रजेची तारीख उलटली किंवा तो सुटला, की अर्ज निष्फळ झाला असे नोंदवून तो निकालात काढण्याचा मोह सोयीचा असला, तरी त्या अर्जात ज्या खोलीची तक्रार होती तिच्यात दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कोणाची रवानगी झालेली असते. सबब असा अर्ज खोलीची तपासणी होईपर्यंत फलकावरून काढू नये.